जाड, अरुंद अक्षरांत मराठी मथळा कसा बसवावा

जत्रेच्या पोस्टरवरची 'कुस्त्यांचे जंगी मैदान' ही ओळ डोळ्यांसमोर आणा. ती रस्त्याच्या पलीकडून वाचता यायला हवी, मोठी दिसायला हवी आणि ठरलेल्या रुंदीतही मावायला हवी. हे सगळं एकत्र जमवायचं तर अक्षर जाड आणि अरुंद घ्यावं लागतं. अशा अक्षराला बोल्ड कंडेन्स्ड म्हणतात. या लेखात हीच एक ओळ घेऊन सुरुवातीपासून फ्लेक्स छापायला देईपर्यंतचं काम करून पाहू. पुस्तकाचं मुखपृष्ठ, यूट्यूबचा थंबनेल किंवा दुकानाची पाटी करायची असेल तरी रीत हीच.

आधी एक गोष्ट मनात पक्की बसवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. अरुंद म्हणून रेखाटलेलं अक्षर वेगळं आणि साधं अक्षर दोन्ही बाजूंनी दाबून अरुंद केलेलं वेगळं. आपल्याकडचे बहुतेक बिघडलेले मथळे या दुसऱ्या प्रकारातले असतात.

अरुंद अक्षर कशासाठी?

हिशोब सोपा आहे. १० फूट रुंद फ्लेक्स म्हणजे १२० इंच. दोन्ही कडांना ६-६ इंच सोडले की १०८ इंच उरतात. साध्या रुंदीच्या जाड फॉन्टमध्ये आपली ओळ या जागेत एका रांगेत बसवली, तर शिरोरेघेपासून तळापर्यंत अक्षराची उंची साधारण ९ इंच येते. तीच ओळ पाऊण रुंदीच्या फॉन्टमध्ये घेतली तर उंची १२ इंचांवर जाते. पाट्या करणाऱ्यांचा ढोबळ ठोकताळा असा की १ इंच उंचीचं अक्षर १० फुटांवरून आरामात वाचता येतं. म्हणजे तेवढ्याच कापडावर ९० फुटांवरून वाचता येणारी ओळ १२० फुटांवरून वाचता येऊ लागली. रुंदीत वाचवलेली जागा उंचीत वापरायला मिळते, हाच या अक्षरांचा सगळा उपयोग.

युरोप-अमेरिकेत ही अक्षरं आली तीही याच गरजेतून. सेरिफ नसलेलं, म्हणजे टोकाला पाय नसलेलं पहिलं छापील इंग्रजी अक्षर १८१६ च्या सुमारास लंडनच्या कॅस्लन फाउंड्रीच्या, म्हणजे छपाईची अक्षरं ओतणाऱ्या कारखान्याच्या, नमुनापुस्तकात दिसतं. पुढे नाटक-सर्कशीच्या भित्तिपत्रकांसाठी लाकडी खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, कोरली जाऊ लागली आणि कागद काठोकाठ भरायला अक्षरं उंच आणि सडपातळ होत गेली. मॉरिस फुलर बेंटन यांनी १९०३ मध्ये अमेरिकन टाइप फाउंडर्ससाठी 'ऑल्टरनेट गॉथिक' केला तो तीन वेगवेगळ्या रुंदींत, छापणाऱ्याला ओळीच्या लांबीप्रमाणे निवडता यावा म्हणून. आज फुकट मिळणारा 'लीग गॉथिक' त्याच्यावरच बेतलेला आहे. विंडोजमध्ये असणारा 'इम्पॅक्ट' जेफ्री ली यांचा, १९६५ चा.

ओळ आधी कागदावर लिहा

फॉन्टची यादी नंतर उघडा. आधी पेन्सिलीने ओळ मोठी लिहा आणि तीन गोष्टींवर खुणा करा: शिरोरेघेच्या वर काय जातं, तळाखाली काय उतरतं आणि कोणती अक्षरं गोल आहेत.

'कुस्त्यांचे जंगी मैदान' मध्ये वर जातात 'स्त्यां' चा अनुस्वार, 'चे' ची मात्रा, 'जं' चा अनुस्वार, 'गी' ची वेलांटी आणि 'मै' च्या दोन मात्रा. खाली उतरतो फक्त 'कु' चा उकार. जोडाक्षर एकच, 'स्त्य', पण तीन व्यंजनांचं, म्हणजे सगळ्यात जास्त रुंदी तेच खाणार.

इंग्रजी कॅपिटल अक्षरांना ही भानगडच नाही. ती सगळी एका उंचीच्या पेटीत मावतात, म्हणून इंग्रजी कंडेन्स्ड मथळे विटांच्या भिंतीसारखे घट्ट रचता येतात. देवनागरी अक्षर तीन मजली असतं. इंग्रजी पोस्टर पाहून तसाच घट्टपणा मराठीत आणायला गेलं की उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो.

गोल अक्षरांचं वेगळं. म, न, प, स यांना उजवीकडे उभा काना आहे. तो ताठ असल्यामुळे अक्षर अरुंद केलं तरी तोल जात नाही. ट, ठ, ड, ढ, द, ह, छ ही शिरोरेघेला लटकलेली गोल अक्षरं. ती अरुंद केली की गोलाईच्या बाजू सपाट होतात आणि सगळी एकमेकांसारखी दिसायला लागतात. म्हणून 'दहीहंडी' हा जाड अरुंद अक्षरांसाठी फार अवघड शब्द, कारण त्यातली चारही अक्षरं लटकलेली आहेत. फॉन्टची परीक्षा घ्यायला याच्याइतका चांगला शब्द मला माहीत नाही. दुसरा 'हळदीकुंकू'. त्यात 'ळ' आहे, आणि जाडी वाढली की 'ळ' च्या दोन्ही पोकळ्या सगळ्यांत आधी बुजतात. शिवाय 'कुंकू' ला वर अनुस्वार आणि खाली दोन उकार.

फॉन्ट निवडा

देवनागरीत अरुंद आणि जाड म्हणूनच रेखाटलेले, फुकट आणि युनिकोड असे चांगले पर्याय आता आहेत. इंडियन टाइप फाउंड्रीचे 'टेको', 'खंड' आणि 'राजधानी' तिन्ही गूगल फॉन्ट्सवर मिळतात. टेको सगळ्यांत चौकोनी आणि सडपातळ. खेळाच्या, स्कोअरबोर्डच्या धाटणीचा. खंडच्या गोलाईत थोडा ऊबदारपणा आहे, म्हणून बातमीच्या मथळ्याला किंवा मुखपृष्ठाला तो बरा दिसतो. राजधानी त्या मानाने हलका. फार लांबून वाचायच्या मजकुराला मी तो घेत नाही. ओम्निबस टाइपचा 'प्रगती नॅरो' फक्त रेग्युलर आणि बोल्ड अशा दोनच जाड्यांत येतो. उपशीर्षकाला तो कामाचा.

नवख्या माणसाने सुरुवात करावी ती मात्र 'अनेक' पासून. मुंबईच्या एक टाइपने केलेला हा फॉन्ट व्हेरिएबल आहे. एकाच फाइलमध्ये जाडी १०० ते ८०० आणि रुंदी ७५ ते १२५ (१०० म्हणजे साधी) अशी सरकपट्टीने हवी तेवढी करता येते, आणि इथे पट्टी सरकवली तरी अक्षर दाबलं जात नाही. प्रत्येक रुंदीसाठी रेषांची जाडी नव्याने जुळते. नोटो सॅन्स देवनागरीतही तशी सोय आहे, तिथे रुंदी ६२.५ पर्यंत उतरते. पण नोटोचा स्वभाव मजकुराच्या फॉन्टचा आहे. भिंतीवर तो नीट वाचता येतो, पण जत्रेचा दणका त्यात नाही.

आपल्या ओळीसाठी मी 'अनेक' घेतो: जाडी ८००, रुंदी ७५. स्क्रीनवर मोठं करून पाहिलं तर 'स्त्य' मधल्या फटी फार बारीक झालेल्या दिसतात. जाडी ७०० वर आणली की फटी मोकळ्या होतात आणि ठसठशीतपणाही फारसा कमी होत नाही. सगळ्यांत जाड आणि सगळ्यांत अरुंद दोन्ही एकदम लावायचा मोह होतोच, पण लांब जोडाक्षर असेल तर एक पट्टी थोडी मागे घ्या.

मराठीसोबत इंग्रजी ओळही असेल तर दोन्ही लिपी एकत्र रेखाटलेला फॉन्ट घ्या. वर सांगितलेल्या टेको, खंड आणि अनेक या तिन्हींत ती सोय आहे. 'बेबास नोय', 'अँटन', 'लीग गॉथिक' सुंदर आहेत, पण त्यांत देवनागरी नाही. बेबास निवडून मराठी टाइप केलं की अक्षरं दिसतात खरी, पण ती बेबासची नसतात. सॉफ्टवेअरने गुपचूप निर्मला किंवा मंगल लावलेला असतो. नवीन माणूस इथे हमखास फसतो, आणि 'फॉन्ट तर तोच आहे, मग अक्षर असं का?' म्हणून तासभर डोकं खाजवतो.

मराठीची परीक्षा

फॉन्ट निवडलात की मथळा टाइप करायच्या आधी एक चाचणीची ओळ टाइप करा. माझी अशी असते:

घ ध · भ म · ब व · ष प · थ य · ख रव · द्ध द्व · ळ ण · दुसऱ्या · तऱ्हा · ॲकॅडमी · १ ९ · ₹

जोड्या शेजारीशेजारी ठेवायचं कारण, जाड अरुंद अक्षरांत घोटाळा इथेच होतो. 'घ' आणि 'ध' मध्ये फरक काय तो शिरोरेघेच्या डाव्या टोकाचा: 'घ' ला ती सलग, 'ध' ला तिथे फट. ती फट जाडीत बुजली की 'धर' चं 'घर' होतं. 'ब' च्या पोटातली तिरकी रेघ भरून गेली की तो 'व' वाचला जातो. फोन नंबरातला १ आणि ९ लांबून सारखे दिसले तर लोक भलत्याच माणसाला फोन लावतात.

'दुसऱ्या' आणि 'तऱ्हा' मधला कोयत्यासारखा अर्धा र ही मराठीची खास गरज. हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या काही फॉन्टांत तो धड येत नाही. र ला नुक्ता, म्हणजे खाली टिंब, आणि पायमोड दिसतो. एका स्पर्धेच्या पत्रकात माझ्याकडून 'दुसऱ्या क्रमांकाची कुस्ती' ही ओळ तशीच छापली गेली होती. मथळा ठीक दिसला म्हणून खालची ओळ मी तपासलीच नव्हती, आणि पत्रकं वाटून झाल्यावर ते दुरुस्त करायला काही उरत नाही. तेव्हापासून ही चाचणी मी चुकवत नाही.

मग 'ल' आणि 'श'. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श लिहायची रीत आहे, शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही तीच रूपं आहेत. बऱ्याच फॉन्टांत दोन्ही वळणं असतात, पण मराठी वळण उमटायला मजकुराची भाषा मराठी आहे हे सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. इनडिझाइनमध्ये कॅरेक्टर पॅनेलमधून भाषा मराठी निवडा; वेबपानावर भाषेच्या टॅगमध्ये मराठीचा कोड द्या. हे केल्यावर 'कोल्हापूर', 'शाहूपुरी' हे शब्द लगेच आपले वाटायला लागतात.

अक्षर दाबू नका

आता सुरुवातीला म्हटलेली गोष्ट जवळून पाहू. समजा, एखाद्या जाड फॉन्टमध्ये काना २० मिलिमीटर जाड आहे आणि शिरोरेघही २० मिलिमीटर. ओळ मावत नाही म्हणून तुम्ही बाजूचा चौकोन धरून रुंदी ७० टक्के केली. काना झाला १४ मिलिमीटर. शिरोरेघ मात्र आडवी, तिची जाडी उंचीत मोजली जाते, म्हणून ती २० ची २० च राहिली. आता आडव्या रेषा उभ्यांपेक्षा जाड झाल्या. इंग्रजीत हा दोष निदान तुकड्यातुकड्यांत दिसतो. देवनागरीत शिरोरेघ पूर्ण शब्दभर सलग असते, त्यामुळे शब्दाच्या डोक्यावर कोणी फळी ठेवल्यासारखं वाटतं. अनुस्वाराचा टिंबही अंड्यासारखा उभट होतो. दाबलेलं अक्षर ओळखायची सगळ्यांत सोपी खूण तीच, टिंब पाहा.

अरुंद अक्षर मुळातून रेखाटणारा माणूस उलट करतो. आडव्या रेषा तो जराशा बारीक ठेवतो, गाठी आणि पोकळ्या उभट करून मोकळ्या ठेवतो आणि जिथे तीन रेषा एकत्र येतात तिथे थोडी छाट देतो. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षकं हाताने रेखाटली ती वर्तमानपत्रातल्या लहानशा जाहिरातीतही उठून दिसायची, कारण प्रत्येक अक्षर त्या जागेसाठीच काढलेलं असायचं. फॉन्ट वापरताना तेवढी मोकळीक नसते, म्हणून निदान ज्याची रुंदी आपल्या जागेला जवळची आहे असा फॉन्ट तरी शोधावा. दोन-तीन टक्के कमी-जास्त केलं तर डोळ्याला कळत नाही. त्यापुढे जायचं नाही.

तसंच 'बी' चं बटण. फॉन्टमध्ये बोल्ड नसेल आणि तुम्ही ते बटण दाबलंत, तर सॉफ्टवेअर अक्षराला सगळीकडून सारखी सूज आणतं. पोकळ्या आतून भरतात. जाडी फॉन्टच्या यादीतून निवडा.

ओळ मांडताना

अक्षरांमधलं अंतर, म्हणजे ट्रॅकिंग, देवनागरीत शून्य ठेवा. इंग्रजी कंडेन्स्ड कॅपिटलांना थोडं अंतर दिलं तर चांगलं दिसतं, म्हणून लोक तेच मराठीला लावतात आणि शिरोरेघ जागोजागी तुटते. उणे अंतर दिलं तर काना शेजारच्या अक्षरात शिरतो. शब्दांमधली मोकळी जागा मात्र तपासा. घट्ट अक्षरांत नेहमीची मोकळी जागा मोठं खिंडार वाटते, ती थोडी कमी केलेली चालते.

ओळ दोन रांगांत घ्यायची झाली तर? वर 'कुस्त्यांचे', खाली 'जंगी मैदान', दोन्ही डावीकडून सुरू. आता पाहा, 'कु' चा उकार बरोबर 'जं' च्या अनुस्वारावर येतो. मधे ठेवलं तर खालची रांग लांब असल्याने तोच उकार 'गी' च्या वेलांटीजवळ सरकतो. रांगांमधलं अंतर वाढवलं की टक्कर टळते, पण मथळ्याचे दोन तुकडे दिसतात. मी असं करतो: वरची रांग खालच्यापेक्षा लहान, साधारण निम्मी घेतो आणि आडवी सरकवत नेतो, उकाराखाली वर काही नसलेलं अक्षर येईपर्यंत. या ओळीत 'मैदान' मधले 'दा' आणि 'न' रिकामे आहेत. वरची रांग उजवीकडे नेली तर उकार तिथे उतरतो, आणि डावीकडे वर मोकळी झालेली जागा मल्लाच्या फोटोला किंवा तारखेला मिळते. मांडणी कुठून सुरू करायची हे असं एखादा उकार ठरवून देतो.

रंग आणि किनार. लाल पार्श्वभूमीवर पिवळं अक्षर, त्याला पांढरी किनार, त्यामागे काळी सावली, ही आपल्या फ्लेक्सची ठरलेली पद्धत आहे आणि जत्रेला ती शोभते. अडचण एवढीच की किनार रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरते. बाहेर जेवढी तेवढीच आतही, आणि अक्षराची जाडी आतून खाल्ली जाते. किनार अक्षराच्या मागे टाका. कोरल ड्रॉमध्ये आउटलाइनच्या पर्यायांत 'बिहाइंड फिल' आहे, त्यावर टिचकी मारली की काम झालं.

या अक्षरात किती लिहायचं? मथळा, तारीख, बक्षिसाची रक्कम. बस. मल्लांची नावं, नियम, देणगीदारांची यादी 'मुक्ता' सारख्या साध्या रुंदीच्या फॉन्टमध्ये घ्या. देणगीदाराला आपलं नाव पाच फुटांवरून शोधायचं असतं, आणि जाड अरुंद अक्षरांच्या चाळीस ओळी म्हणजे नुसतं कुंपण दिसतं.

सॉफ्टवेअरची दोन दुखणी

फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइनमध्ये मराठी टाइप केल्यावर वेलांटी भलतीकडे गेली किंवा जोडाक्षर फुटून पायमोड दिसू लागला तर फॉन्टला दोष देऊ नका. 'वर्ल्ड-रेडी' नावाचा पर्याय सुरू करायचा राहिला आहे. इनडिझाइनमध्ये तो पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत असतो, फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात.

दुसरं दुखणं फ्लेक्सच्या दुकानातलं. तिथे बऱ्याचदा जुने, युनिकोड नसलेले मराठी फॉन्ट असतात आणि तुमचा फॉन्ट त्यांच्या मशीनवर नसतो. फाइल तशीच दिली तर भलत्याच अक्षरांत उघडते. म्हणून देण्याआधी मजकुराचे कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचं नुसत्या आकारांत रूपांतर करा: कोरलमध्ये कंट्रोल-क्यू, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ओ, इंकस्केपमध्ये शिफ्ट-कंट्रोल-सी. त्याआधी मूळ फाइलची प्रत वेगळ्या नावाने जपून ठेवा, कारण कर्व्ह केल्यावर तारीख बदलायची म्हटली तर टाइप करता येत नाही. वर दिलेले सगळे फुकट फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. छापील आणि पैसे घेऊन केलेल्या कामातही ते बिनदिक्कत वापरा.

छापण्याआधी

थंबनेल असेल तर १२८० बाय ७२० चं चित्र दहा टक्क्यांवर आणून पाहा; यादीत स्क्रोल करताना माणसाला साधारण तेवढंच दिसतं. फ्लेक्स असेल तर मथळ्याचा एकच शब्द खऱ्या मापात, साध्या कागदांवर तुकडे जोडून छापा, भिंतीला चिकटवा आणि गल्लीच्या टोकाला जाऊन उभे राहा. मजकूर माहीत नसलेल्या कोणाला तरी वाचायला सांगा. तुम्हाला ओळ पाठ आहे, त्यामुळे तुम्हाला ती वाचता येणारच.

आणि काम छपाईचं नसून रेडियमचं असेल, म्हणजे प्लॉटरवर अक्षरं कापून गाडीला किंवा काचेला चिकटवायची असतील, तर कर्व्ह केल्यावर आणखी एक पायरी लागते. देवनागरी फॉन्टमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेघा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. छापताना ते दिसत नाही, पण प्लॉटरचं पातं प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतं आणि शिरोरेघेवर प्रत्येक जोडाला चीर पडते. चिकटवताना 'मैदान' चे तुकडे हातात येतात. पूर्ण शब्द निवडून 'वेल्ड' करा, म्हणजे सगळी अक्षरं जोडून एकच आकार होतो, मग आउटलाइनच्या दृश्यात पाहून शिरोरेघेला उभी छेदणारी एकही रेघ उरलेली नाही याची खात्री करा आणि मगच फाइल पाठवा.